सणाचें जेवण आणि रांधणारीचें पान

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो: "यंदा जेवणाला काय करावयाचें?" प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचें उत्तर ज्या रीतीनें दिलें जातें, तींत त्या घरचा सारा स्वभाव दिसून येतो. कोठें हें उत्तर शेजाऱ्याकडे गेल्या वर्षीं काय झालें होतें तें आठवून दिलें जातें. कोठें पाहुणे आपल्यास काय म्हणतील या धास्तीनें दिलें जातें. आणि कोठें तर उत्तर देण्यास कोणी बसतच नाहीं, व आयत्या वेळीं जें सुचेल, जें सांपडेल व जें उसनें मिळेल तें पानांत पडतें. आमचें मत असें आहे कीं, सणाच्या जेवणाचा बेत हा शांतपणें विचार करून ठरविण्याचा विषय आहे, आणि तो एकट्या आईनें स्वयंपाकघरांत बसून नव्हे, तर घरांतील लहानथोरांनीं मिळून ठरविला पाहिजे.

शाळेच्या वार्षिक अंकांत निबंध यावेत, कविता याव्यात, सहलींचीं वर्णनें यावींत. त्यांत स्वयंपाकाचा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, जें त्रैराशिक आपण वर्गांत शिकतों, जें आरोग्यशास्त्र आपण पाठ करतों आणि शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा जो धडा आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों, त्या तिन्हींची परीक्षा एकाच दिवशीं व एकाच ठिकाणीं घेणारा प्रसंग म्हणजे पाहुण्यांसह केलेलें सणाचें जेवण होय.

आतां बेत चांगला कोणता आणि वाईट कोणता, हें ओळखावें कसें? पदार्थांची संख्या मोजून तें कळत नाहीं. खर्च किती झाला यावरूनही कळत नाहीं. आमची कसोटी साधी आहे. ज्या हातांनीं रांधलें, त्या हातांचें पान इतरांच्या पानांबरोबर मांडलें गेलें काय? मांडलें गेलें असेल, तर बेत उत्तम. मांडलें गेलें नसेल, तर पक्वान्नें बारा असोत कीं बावीस, त्या बेतांत कोठें तरी खोट राहिली असें खुशाल समजावें.

सणाच्या दिवशीं बहुतेक घरीं काय घडतें तें वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. आई पहांटे चार वाजतां उठते. इतर मंडळी नवे कपडे घालून उपासनेस जातात. ती मात्र "रस्सा उकळावयाचा आहे, तुम्ही पुढें व्हा" असें म्हणून मागें राहते. ज्या जन्माचा हा उत्सव, त्याची वार्ता मंदिरांत वाचली जात असतां ती कढईपुढें उभी असते. मग पाहुणे येतात. पहिली पंगत बसते, दुसरी बसते; गरम पुऱ्या एकामागून एक बाहेर येतात, आणि त्यांबरोबर त्या तळणारीची वाहवाही होते. अखेर तीन-साडेतीन वाजतां, भूक मरून गेल्यावर, ती उरलेला भात व तळाचा रस्सा घेऊन एकटी जेवावयास बसते. कोणी तिला मुद्दाम दुःख दिलेलें नसतें. घरांत प्रेम नाहीं असेंही नसतें. बेतच असा आखलेला असतो कीं त्यांत तिला बसावयास जागा नसते.

ही गोष्ट केवळ सणापुरती नाहीं. भारत सरकारनें २०२४ सालीं लोकांच्या दिनक्रमाची जी देशव्यापी पाहणी केली, तींत घरचें विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामांत दररोज सरासरी २८९ मिनिटें जातात, आणि तेंच काम करणाऱ्या पुरुषांचीं ८८ मिनिटें जातात, असें आढळलें. म्हणजे एकीकडे जवळजवळ पांच तास आणि दुसरीकडे दीड तासाहून कमी. साध्या दिवसाची ही कथा. मग ज्या दिवशीं पाहुण्यांची भर पडते, त्या दिवसाचा हिशेब वाचकांनींच करावा.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतील मार्था व मरीया या दोघी बहिणींची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रभु त्यांच्या घरीं आला. मरीया त्याच्या चरणांजवळ ऐकत बसली आणि मार्था पाहुणचाराच्या कामांत गुंतून पडली. या गोष्टीवर प्रवचनें पुष्कळ होतात आणि त्यांत मार्थेस बहुधा दोषच मिळतो. आम्हांस मात्र ती वाचतांना दोन गोष्टी नेहमीं जाणवतात. एक ही कीं, प्रभूनें तिच्या कष्टांस नांवें ठेविलीं नाहींत. तिचें चित्त अनेक गोष्टींत विभागून गेलें आहे, हें त्यानें कळवळ्यानें दाखवून दिलें. दुसरी ही कीं, ती हातभार मागत असतां तिच्याबरोबर कोणी उठल्याचें त्या गोष्टींत लिहिलेलें नाहीं. तिचा बेत थोडका असता आणि दोन हात तिच्या मदतीस आले असते, तर तीही त्या चरणांजवळ बसली नसती काय? आपल्या घरच्या मार्थेस उपदेश करण्यापूर्वीं तिचा भार हलका करणें हें आपलें पहिलें कर्तव्य आहे.

याच्या उलट चित्र इंग्रजी वाङ्मयांत सांपडतें. चार्ल्स डिकन्स यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ए ख्रिसमस कॅरल' या पुस्तकांत बॉब क्रॅचिट नांवाच्या एका गरीब कारकुनाच्या घरचें नाताळाचें जेवण वर्णिलें आहे. आठवड्यास पंधरा शिलिंग मिळविणारा हा माणूस, घरांत सहा मुलें, पदार्थ मोजके. हंसासारखा जो गूज पक्षी तिकडे सणास करतात, तो भाजावयास घरीं भट्टी नाहीं म्हणून पाववाल्याच्या भट्टींत देऊन आणलेला. परंतु त्या घरीं काय चालतें तें पाहा: थोरला मुलगा बटाटे कुस्करतो, एक मुलगी सफरचंदाच्या चटणींत साखर घालते, दुसरी ताटल्या पुसते, धाकटीं दोघें सर्वांसाठीं खुर्च्या मांडतात, बाप आजारी मुलास आपल्याजवळ बसवितो आणि आई रस्सा गरम करते. मग सर्व एकत्र बसतात. पक्षी लहान, पण चटणी व बटाटे यांच्या जोडीनें तो सर्वांस पुरतो. श्रीमंतांच्या मेजवान्यांचीं वर्णनें लोक विसरले. हें गरिबाचें जेवण पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ वाचकांच्या मनांत राहिलें. त्याचें कारण पदार्थांत नाहीं, पंगतींत आहे.

तर बेत करावयास कोठून आरंभ करावा? आमची सूचना अशी कीं, पदार्थांची यादी आधीं करूं नये. माणसांची यादी आधीं करावी. कागद घ्यावा आणि जेवावयास येणाऱ्या प्रत्येकाचें नांव लिहून त्यापुढें त्यास काय चालतें व काय चालत नाहीं हें लिहावें. हें विचारण्यांत कित्येकांस संकोच वाटतो. परंतु "आपण येणार याचा आम्हांस फार आनंद आहे; आपणांस कांहीं वर्ज्य असल्यास कृपा करून आधीं सांगावें," असें म्हटल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. उलट, न विचारतां चार आमिष पदार्थ रांधून शाकाहारी पाहुण्यास भात-लोणच्यावर उठविणें, हाच खरा अपमान होय.

आपल्याकडे तर हें विचारणें अगत्याचेंच आहे, कारण आपल्या नाताळाच्या पंगतीस सर्व धर्मांचे शेजारी येतात. नाताळ बहुधा मार्गशीर्षांत किंवा पौषांत येतो. मार्गशीर्षांतील गुरुवारीं महालक्ष्मीचें व्रत करणारीं घरें महाराष्ट्रांत फार आहेत, आणि एरवीं मांसाहार करणारी मंडळीही त्या दिवशीं तो करीत नाहींत. जैन शेजाऱ्यांस कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळें चालत नाहींत. मुसलमान मित्रास डुकराचें मांस वर्ज्य, आणि इतर मांस हलाल असल्याशिवाय चालत नाहीं. केकसारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांतही अंडें असतें, आणि नाताळाच्या केकांतील सुका मेवा पुष्कळदां रममध्यें भिजविलेला असतो. म्हणून बाजारांतून आणलेला केक कोणापुढें ठेवण्यापूर्वीं त्यांत काय आहे हें विचारून घ्यावें. याखेरीज मधुमेहानें पीडलेले काका असतात, दांत पडलेले आजोबा असतात, तिखट न खाणारीं लहान मुलें असतात. यांपैकीं प्रत्येकाला आपल्या पानावर पोटभर जेवण मिळालें पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, इतक्यांचें मन राखावयाचें तर वीस पदार्थ करावे लागतील. तसें नाहीं, युक्तीनें केल्यास पदार्थ कमीच होतात. युक्ति ही कीं, जे पदार्थ सर्वांचे, ते सर्वांस चालतील असेच करावे, आणि फरक एकाच भांड्यापुरता ठेवावा. मटणाची बिर्याणी केली कीं शाकाहारी पाहुण्यासाठीं भात निराळा, भाजी निराळी, कधीं वाढणें देखील निराळें. परंतु मटाराचा भात, कोशिंबीर, पाव व खीर हीं सर्वांचीं ठेवून एका भांड्यांत मटणाचा रस्सा व दुसऱ्यांत तशाच वाटणाची भाजी केली, तर दोन भांड्यांत काम भागतें, आणि शाकाहारी पाहुण्यास आपल्यासाठीं कांहीं तरी सांवरासांवर केली आहे असें वाटत नाहीं. ती भाजीही मन लावून केली पाहिजे. हिंवाळ्यांत आपल्या बाजारांत काय नसतें? वांगीं, गाजरें, पावट्याचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, ताजा मटार, हे सर्व डिसेंबरांत ताजे व स्वस्त मिळतात. तीळ-खोबऱ्याच्या वाटणांत यांची केलेली भाजी मटणापुढें मान खाली घालणारी नाहीं.

दुसरी गोष्ट शेगड्यांची. घरांत शेगड्या दोन असतां आयत्या वेळीं गरम करावयाचे पदार्थ पांच ठरविणें म्हणजे गणित न येणें होय. जितक्या शेगड्या, तितकेच पदार्थ शेवटच्या अर्ध्या तासासाठीं ठेवावे. बाकीचे थंड खाण्याचे किंवा आधीं करून ठेवण्याचे असावे. आणि जो पदार्थ वाढतांना एका माणसास कढईपुढें उभें राहावें लागतें, तो पाहुण्यांच्या पंगतीस शक्यतों करूंच नये. गरम पुरी ही चांगली गोष्ट आहे. पण बारा माणसांस पांच-पांच पुऱ्या म्हणजे साठ पुऱ्या होतात, आणि त्या फुगत असतां तळणारी पंगतींत नसते. त्यापेक्षां सकाळीं भट्टींतून आणलेला ताजा पाव किंवा आधीं लाटून भाजलेल्या पोळ्या अधिक शहाणपणाच्या.

तिसरी गोष्ट मेहनतीच्या पदार्थाची. प्रत्येक घराचा एखादा पदार्थ नामांकित असतो. गोव्याकडील कुटुंबांत तो दोदोल किंवा बिबिंक असेल, वसईकडे फुगे असतील, आपल्या देशावर करंज्या व अनारसे असतील. तो पदार्थ सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. आजीच्या हातची चव पुढच्या पिढीस मिळालीच पाहिजे. फक्त असा मेहनतीचा पदार्थ जेवणांत एक असावा, चार नसावेत. आणि तो करावयास आजीजवळ नातवंडें बसलेलीं असावींत, म्हणजे हात हलके होतील व विद्याही पुढें जाईल.

हें सर्व नुसतें सांगून भागणार नाहीं, म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, घरचीं माणसें पांच आणि पाहुणे सात: शेजारचे आजोबा व आजी, दोघेंही शाकाहारी, मधुमेह असलेले एक काका, मावशी व तिचीं दोन मुलें, आणि वडिलांच्या कचेरींतील एक सोबती, ज्याचें घर दूर परगांवीं आहे. एकूण पानें बारा. बेत असा: मटणाचा रस्सा, हिंवाळी भाजी, मटारभात, पाव, गाजराची कोशिंबीर, शेवयांची खीर व शेवटीं फळें. फराळाचे दोन जिन्नस आधींच्या आठवड्यांत केलेले. पदार्थ इतकेच, पण एकही पान अर्धवट नाहीं. आजोबांस दांत नाहींत, तर त्यांनीं भाजीच्या रसांत पाव बुडवून खावा. काकांनीं खीर दोन चमचे घ्यावी, भात व पाव बेतानें घ्यावा आणि भाजी व कोशिंबीर मनसोक्त घ्यावी, मात्र यजमानानें "आज सण आहे, एका वाटीनें काय होतें!" असा आग्रह करूं नये. आग्रह हें आपल्याकडे प्रेमाचें लक्षण मानतात. परंतु ज्यास पथ्य आहे त्यास आग्रह करणें ही क्रूरता आहे.

आतां माप. मोठा माणूस एका जेवणास सुमारें ८० ग्रॅम तांदळाचा भात खातो. म्हणून बारा पानांस तांदूळ एक किलो पुरे, कारण दुसऱ्या जोडीला पाव आहे. शिजल्यावर तांदूळ जवळजवळ तिप्पट होतो, हें लक्षांत ठेवून भांडें घ्यावें. मटण हाडांसकट माणशीं १५० ते १७५ ग्रॅम धरावें. खाणारे दहा, म्हणून पावणेदोन किलोपर्यंत. निवडलेली भाजी दीड किलो, गाजरें एक किलो, दही अर्धा किलो, पाव छत्तीस, आणि खिरीस दूध दोन लिटर. पाहुण्यांचा आंकडा बदलला तर त्रैराशिक आहेच. हें माप कागदावर मांडण्याचें काम सातवी-आठवींतल्या मुलांनीं करावें. पुस्तकांतील व्यापाऱ्याच्या नफातोट्याहून तें अधिक उपयोगाचें आहे. त्याच कागदावर किंमती लिहून शेवटीं बेरीज करावी. बेरीज घरच्या ऐपतीबाहेर गेली तर बेत कापावा. कर्ज काढूं नये. एका दुपारच्या वाहवेसाठीं जें घर तीन महिने हप्ते फेडीत बसतें, त्या घरीं सण झाला असें आम्हांस वाटत नाहीं.

त्यानंतर वेळेचा हिशेब. आणि तो उलटा मांडावा. जेवण एक वाजतां आणि उपासना नऊ ते अकरा, तर मागें मोजीत जावें. साडेबारास भात तयार पाहिजे, म्हणून बारास तो चढला पाहिजे. बारापूर्वीं रस्सा व भाजी पुन्हां उकळून झालीं पाहिजेत. म्हणजे रस्सा आदल्या संध्याकाळींच शिजला पाहिजे. आणि तें बरेंच आहे, कारण मुरलेल्या रस्स्याची चव अधिक खुलते. खीर आदल्या रात्रीं, वाटण आदल्या दुपारीं, बाजारहाट तेविसाव्या तारखेस आणि फराळ त्याही आधीं. असा कागद भिंतीवर लाविला कीं सणाच्या सकाळीं घरांत धांवपळ राहत नाहीं, आणि आईस मंदिरांत सर्वांबरोबर जातां येतें. या कागदाचा मुख्य लाभ हाच.

येथें आरोग्याचा एक नियम सांगणें जरूर आहे. शिजविलेलें अन्न बाहेर उघड्यावर दोन तासांहून अधिक काळ राहूं देऊं नये. हवा थंड आहे म्हणून अन्न बिघडत नाहीं ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडच्या डिसेंबरांतील दुपार रोगजंतूंस पुरेशी उबदार असते. रात्रीं केलेला रस्सा व खीर पसरट भांड्यांत लौकर निववून फ्रीजमध्यें ठेवावीं आणि वाढण्यापूर्वीं रस्सा चांगला खळखळा उकळावा. नुसता कोमट करूं नये. भातांत एक असा जंतु असतो कीं ज्याचे बीजकण शिजविल्यानेंही मरत नाहींत. भात बराच वेळ बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि मग तो पुन्हां तापविला तरी तें विष जात नाहीं. म्हणून भात ताजा करावा व उरल्यास लगेच थंड करून ठेवावा. ज्या घरीं फ्रीज नाहीं, त्यांनीं मांस रात्रीं आणूं नये. उपासनेहून परततांना आणून कुकरमध्यें शिजवावें व जेवणाची वेळ अर्ध्या-पाऊण तासानें पुढें ढकलावी. पाहुणे अर्धा तास गप्पा मारतील; परंतु आजारी पडल्यास सण कोणाच्याच लक्षांत गोड राहणार नाहीं.

आमच्या या मतास वडील मंडळींकडून एक आक्षेप येईल, आणि तो आदरानें ऐकण्यासारखा आहे. "आमच्या वेळीं पंचवीस पानें उठत, पंधरा पदार्थ होत, आणि आम्हांस त्यांत आनंदच वाटे, तुम्ही आजकालचीं माणसें आळशी झालां," असें त्या म्हणतील. त्यांचा आनंद खोटा नव्हता. परंतु त्या वेळीं घरांत जावा, नणंदा, सासवा, आत्या मिळून आठ-दहा बायका एकत्र रांधीत. गप्पा, गाणीं, थट्टा यांत काम सरत असे. आज घरांत माणसें चार, आणि त्यांतील आई बहुधा नोकरीहून सहा वाजतां घरीं परतणारी. हात दोन राहिले आणि पदार्थ पंधराच राहिले, तर तो आनंद राहत नाहीं. केवळ ओझें राहतें. परंपरा राखावयाची तर पदार्थांच्या संख्येबरोबर हातांची संख्याही राखली पाहिजे.

आपल्या भाषेंत पाकशास्त्राच्या पुस्तकांची उणीव नाहीं. १८७५ सालीं 'सूपशास्त्र' छापून निघालें. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं 'गृहिणी-मित्र' या ग्रंथांत हजार पाकक्रिया दिल्या. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' निघालें आणि त्यांतील वाटी-चमच्याच्या मापानें नवशिक्यांची मोठी सोय झाली. या थोर स्त्रियांचे आपल्या घरांवर फार उपकार आहेत. परंतु पदार्थ कसा करावा हें पुस्तक सांगतें. आपल्या घरीं, आपल्या माणसांसाठीं, आपल्या ऐपतींत आज कोणते पदार्थ करावे, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.

"कमी पडलें तर?" ही भीति मात्र सर्वांच्या मनांत असते, आणि तिच्यापोटीं दुप्पट रांधलें जातें. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस सरला तेव्हां यजमानावर ओढवणारी लाज प्रभूनें चमत्कारानें दूर केली. यावरून पाहुण्यांस कमी पडूं नये ही काळजी रास्तच ठरते. परंतु काळजी निराळी आणि उधळपट्टी निराळी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत २०२२ या एका वर्षीं जगांत सुमारें १०५ कोटि टन अन्न वायां गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतील सुमारें ६० टक्के घराघरांतून गेलें. भारतांतील घरांत दर माणशीं वर्षास सुमारें ५५ किलो अन्न वायां जातें, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. म्हणून दोन पानें अधिक धरावींत, सहा धरूं नयेत. आणि पाव, फळें व फराळ हे न बिघडणारे जिन्नस राखीव ठेवावे, म्हणजे आयत्या वेळीं चार माणसें वाढलीं तरी लाज जात नाहीं आणि न वाढलीं तरी अन्न जात नाहीं.

पाहुणे कोणास म्हणावें, याविषयींही चार शब्द सांगितले पाहिजेत. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत प्रभूनें सांगितलें आहे कीं, जे तुम्हांस उलट बोलावतील त्यांसच जेवावयास बोलावूं नका. ज्यांना परतफेड करतां येत नाहीं त्यांस बोलवा. वरच्या उदाहरणांत परगांवचा एकटा सोबती आम्हीं मुद्दाम घेतला आहे. आपल्या गांवीं वसतिगृहांत राहिलेला विद्यार्थी, एकटी राहणारी म्हातारी, रात्रपाळीचा पहारेकरी, असा एक तरी माणूस प्रत्येक नाताळाच्या पंगतींत असावा. तसेंच वर्षभर आपल्या घरचीं भांडीं घासणारी बाई. तिला त्या दिवशीं सुटी द्यावी. आणि तिच्या घरचा डबा जेवण संपल्यावर उरलेल्यांतून भरूं नये, तर पहिलें पान वाढण्यापूर्वीं काढून ठेवावा. अन्न तेंच असतें. परंतु आधीं काढलेलें तें देणें होतें, आणि मागाहून दिलेलें तें उष्टें होतें.

शेवटीं विद्यार्थी बंधुभगिनींस, आणि त्यांतही मुलांस विशेष, आमचें सांगणें असें. डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यांत एके संध्याकाळीं आईवडिलांस बसवून घ्या आणि कागद-पेन्सिल तुमच्या हातीं घ्या. माणसांची यादी, पदार्थांची यादी, माप, किंमत आणि उलटी वेळ, हे पांच रकाने आंखा. प्रत्येक कामापुढें एक नांव लिहा. मटार सोलणें, गाजर किसणें, पाव आणणें, पाणी भरणें, पानें मांडणें, वाढणें व भांडीं घासणें, यांपैकीं एकही काम असें नाहीं कीं जें चौदा वर्षांच्या मुलास करतां येत नाहीं किंवा जें केल्यानें बापाची प्रतिष्ठा कमी होते. एका माणसाच्या नांवावर चारांहून अधिक कामें आलीं, तर यादी पुन्हां वांटा. तरीही जमलें नाहीं तर एक पदार्थ खोडा.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे कीं, मुलांनीं असा कागद पुढें आणिला तर त्यास हंसूं नये. त्यांत चुका असतील. माप थोडें चुकेल, कोशिंबिरींत मीठ अधिक पडेल. परंतु घरचा भार वांटून घेण्यास मुलें अशींच शिकतात. आणि नाताळाच्या दुपारीं पानें मांडतांना तीं एकदां मोजून पाहावींत. पाहुणे सात, घरचीं पांच, तर पानें बारा झालींच पाहिजेत. अकराच भरलीं, तर बारावें कोणाचें राहिलें हें विचारावें लागणार नाहीं. स्वयंपाकघरांत जाऊन तिला हाताला धरून आणावें, आणि ती बसल्यावर प्रार्थना करून मगच पहिला घांस घ्यावा.